स्टॉर्म चेझर: देवदूत कसले, बघे आहेत बघे!

नॉर्मनकर (धागाकर्ता)

परवा आमच्या मंडळाच्या ग्रुपवर एक लेख फिरत आला, 'चक्रीवादळातले देवदूत'. (टोर्नेडो म्हणजे ढगातून जमिनीवर टेकणारी वाऱ्याची सोंड, चक्रीवादळ नव्हे, पण ते जाऊ दे.) सार एवढंच की मे महिन्यात ओक्लाहोमा-कॅन्ससच्या माळावर टोर्नेडोमागे गाड्या पळवणारे स्टॉर्म चेझर पडलेल्या घरांपाशी सगळ्यात आधी पोचतात, ढिगाऱ्यातून माणसं काढतात, म्हणून त्यांना मुजरा. खाली पन्नास जोडलेले हात. त्यातल्या किती जणांनी सायरन ऐकलाय ते विचारू नका. न्यू जर्सीत बसून हात जोडायला काय जातंय?

मी २००८पासून इथे ओक्लाहोमात, नॉर्मनला आहे. ही मंडळी मदतीला येत नाहीत, व्हिडिओ काढायला येतात. वाटेत कोणी सापडलं तर मदत, आणि तीही कॅमेरा चालू ठेवून. ३१ मे २०१३ला एल रेनोचा टोर्नेडो झाला, त्या संध्याकाळी बायको आणि दोन वर्षांची मुलगी गाडीत घेऊन मी दक्षिणेला निघालो होतो. हायवे तुंबला म्हणून आतल्या रस्त्याला लागलो, तर पुढे चार गाड्या मधोमध उभ्या. दारं उघडी, ट्रायपॉड टाकलेले, टपावर पिवळे दिवे फिरताहेत. हॉर्न वाजवला तर एकाने मलाच हाताने 'थांब' म्हणून खुणावलं. हे देवदूत!

२०१७ला टेक्सासमध्ये स्पर गावाजवळ स्टॉपच्या पाटीवर गाडी थांबली नाही आणि धडक होऊन तीन माणसं गेली. तिघंही चेझरच. लोकांना वाचवायचंय ना? मग अँब्युलन्सवर नोकरी धरा.

मीरा_विचिटा

लेख भाबडा आहे हे मान्य. पण तुमचा राग वाचून हसू आलं.

मी इमर्जन्सीत नर्स आहे, एकवीस वर्षं. नाव सांगत नाही, पण एका लहान गावाला तडाखा बसला त्या रात्री आमच्याकडे पहिला पेशंट अँब्युलन्समधून आला नाही, पिकअपमधून आला. खाली स्ट्रेचर नाही, कोणाच्या तरी बेडरूमचं दार. मांडीला कंबरेचा पट्टा आवळलेला आणि कपाळावर मार्करने वेळ लिहिलेली. पट्टा कधी आवळला ते लिहायचं असतं हे किती जणांना माहीत असतं? आणणारा चेझर होता, हातभर चिखल, चष्म्याची एक काच गायब. अँब्युलन्स पोचल्या पाऊण तासाने, कारण रस्ताभर खिळे आणि पडलेल्या तारा. त्याने व्हिडिओ काढला असेल तर काढू दे की.

२०२३च्या मार्चमध्ये मिसिसिपीत रोलिंग फोर्कला टोर्नेडो रात्री आला, गावातलं हॉस्पिटलही त्यातून सुटलं नाही. तिथे ढिगाऱ्यात पहिल्यांदा हात घालणाऱ्यांत चेझर होते. तिथे कुणाला बोलवायचं होतं, मंडळाच्या अध्यक्षांना?

ढगोबा

धागाकर्त्यांनी चेझर आणि स्पॉटर यांची भेळ केली आहे. मी स्पॉटर आहे, म्हणजे वादळावर नजर ठेवून हवामान खात्याला कळवणारा. त्यासाठी खात्याच्या स्कायवॉर्न कार्यक्रमाचं प्रशिक्षण फुकट असतं, तुम्हीही करू शकता.

रडार असताना माणसं कशाला, असं कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. पृथ्वी गोल आहे. रडारचा सगळ्यात खालचा किरणसुद्धा शंभर किलोमीटरवर जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंच गेलेला असतो. वर ढग फिरतोय ते त्याला दिसतं, खाली सोंड टेकली की नाही ते बघायला डोळे लागतात. सायरन वाजला तरी लोक आधी अंगणात येऊन आकाशाकडे बघतात. रेडिओवर 'अमुक रस्त्याच्या पश्चिमेला जमिनीवर आहे, माती उडतेय' असं आलं की मगच आत जातात.

आणि एल रेनोचं नाव काढलंत म्हणून. टिम समारास तिथेच गेला, मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांच्यासकट. २००३ला साउथ डकोटात मँचेस्टरच्या टोर्नेडोच्या वाटेत त्याने जमिनीवर ठेवलेल्या उपकरणाने हवेचा दाब १०० मिलिबारने कोसळलेला नोंदवला होता. त्याला बघ्या म्हणायचं? एल रेनोचा टोर्नेडो ४.२ किलोमीटर रुंद झाला, आजवरचा सर्वात रुंद, आणि त्याने मध्येच दिशा बदलली. भले भले फसले.

पर्वती_पायथा

एक बाळबोध प्रश्न. दर वर्षी टोर्नेडो येतो, दर वर्षी घरं उडतात, आणि हे लोक दर वर्षी पुन्हा लाकडाचीच बांधतात. वीट-सिमेंट हा प्रकार अमेरिकेत पोचला नाही का? माझ्या मेहुण्याचं टेक्सासमध्ये प्लॅनोत घर आहे, सहा लाख डॉलरचं. भाच्याने कॅरम हरल्यावर भिंतीला गुद्दा मारला तर भिंतीला भोक! हाताला काही नाही.

तिरकस_टेक्सन

आला. दर धाग्यात हा प्रश्न येतो, मी वाटच बघत होतो.

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, म्हणून एकदाच सांगतो. ईएफ-५ ही टोर्नेडोच्या ताकदीची सगळ्यात वरची पायरी, म्हणजे वारा ताशी ३२० किलोमीटरच्या वर. त्यात तुमची पर्वतीच्या पायथ्याची नऊ इंची भिंतही आडवी होईल, आणि लाकडाऐवजी विटा अंगावर येतील. पण बहुतेक टोर्नेडो तेवढे नसतातच, आणि तिथे घोडं लाकडापाशी अडत नाही, सांध्यांपाशी अडतं. आधी गॅरेजचं दार आत दबतं, वारा आत शिरतो, छप्पर खालून उचललं जातं, मग भिंतींना धरायला कोणी उरत नाही. २०१३च्या टोर्नेडोत २४ माणसं, त्यात एका शाळेत सात मुलं गेल्यावर ओक्लाहोमातल्या मूर शहराने पुढच्या वर्षी नियम बदलले. ताशी १३५ मैलांचा वारा सोसणारी बांधणी, छपराला लोखंडी पट्ट्या, मजबूत गॅरेज दार. घरं लाकडाचीच आहेत.

पर्वती_पायथा

म्हणजे खिळे नीट मारत नव्हते, एवढंच ना? ते आमचा सुतारही सांगतो. (दिवा घ्या, म्हणजे गंमत समजा.)

तिरकस_टेक्सन

दिवा घेतला, आता तो मेहुण्याच्या भोकात लावा. आरसीसीच्या खोलीला माझा विरोध नाही. घरात एक सेफ रूम बांधा, तेवढी पुरते. पण अख्खं घर तसं बांधायचं तर तुमच्या मेहुण्याला सहा लाखांत गॅरेज मिळालं असतं.

चिंगी

सेफ रूम सेफ रूम काय करताय! आम्ही भाड्याने राहायचो, तिसरा मजला. तळघर विचारलं तर ऑफिसातली बाई म्हणाली, लाल चिकणमाती आहे, इथे कोणी खोदत नाही. खालच्या क्लबहाउसची किल्ली मागितली तर म्हणाली, विम्यात बसत नाही. आई पहिल्यांदाच आली होती, तीही नेमकी मे महिन्यात. शनिवारी दुपारी बाराला सायरनची चाचणी झाली तेव्हा तिने भोंगा म्हणून घड्याळ लावलं. मंगळवारी रात्री खरा वाजला. आम्ही चौघं बाथटबमध्ये, डोक्यावर गादी, आणि आई कुठे गेली म्हणून बघते तर देवघरातून बाळकृष्ण पदरात घेऊन येतेय. 'त्याला एकट्याला ठेवू का?' टबात जागा नव्हती. बाबा बाहेर पडले आणि कमोडवर बसले, गादीचं टोक धरून. वाऱ्याने शेजारची बिल्डिंग सोलली, आमची नाही.

स्वतःच्या घरात जमिनीखालचा शेल्टर घालायला निघालो तर चार हजार डॉलर आणि वर एचओएचं, म्हणजे वसाहतीच्या सोसायटीचं पत्र, झाकणाचा रंग लॉनशी जुळत नाही. यावर लिहा कोणी लेख!

नॉर्मनकर

धागा कशाचा, चाललंय काय! बाथटब आणि सुतार यांच्यासाठी वेगळा धागा काढा.

मीराताई, तुमचा अनुभव एकच आहे. एका भल्या माणसावरून शंभर दिवेवाल्यांना प्रमाणपत्र देता येत नाही.

मीरा_विचिटा

ताई कोणाला म्हणता? आणि तुम्ही चार गाड्यांवरून अख्ख्या जमातीला शाप दिलात ते चाललं? माझा अनुभव तो एकच आणि तुमचा मात्र पुरावा! त्या चार गाड्यांनी तुमची चार मिनिटं खाल्ली, त्या पिकअपने एक बाई वाचवली.

नॉर्मनकर

मांडीवर दोन वर्षांची मुलगी रडत असताना चार मिनिटं किती असतात ते तुम्हाला काय कळणार!

मीरा_विचिटा

नर्सला विचारताय, चार मिनिटं किती असतात?

ढगोबा

दोघंही थांबा. नॉर्मनकर, एक विचारतो, राग मानू नका. त्या दिवशी आय-३५ तुंबला होता तो चेझरमुळे नाही. अकरा दिवसांपूर्वीच मूरचं टोर्नेडो प्रकरण झालेलं, लोकांच्या डोळ्यांसमोर ते ताजं. त्यात टीव्हीवरून सांगितलं गेलं की गाडी काढून दक्षिणेला जा. अर्धं शहर हायवेवर आलं. वादळ त्या रांगेवर आलं असतं तर? तुम्ही घर का सोडलंत? आणि त्याच रात्री शहरात पुराने जी माणसं गेली त्यांतले काही जण तर टोर्नेडोला घाबरून नाल्याच्या बोगद्यात उतरले होते.

चेझरांचंही सांगतो, त्यांची बाजू घेतोय असं नको. आतल्या रस्त्यावर गाड्यांची जत्रा असते हे खरं. पाहुण्यांना पैसे घेऊन टोर्नेडो दाखवणाऱ्या व्हॅन असतात. २०२२ला ओक्लाहोमा विद्यापीठाचे हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी पाठलाग करून परतताना अपघातात गेले. त्यानंतर मी पावसात रात्री गाडी चालवत नाही. पिवळे दिवे लावून मधोमध उभे राहणाऱ्यांना मीही शिव्या घालतो, रेडिओ बंद करून.

नॉर्मनकर

घर का सोडलं? टीव्हीवर सांगितलं म्हणून. बायको नको म्हणत होती, कपाटात बसू म्हणत होती. ती आजही ऐकवते, आता तुम्ही ऐकवा. हो, त्या रांगेत मीही होतो. मीही कोणाच्या तरी पुढे गाडी घालून उभा होतोच. झालं समाधान?

बेडरूमच्या दारावरून पेशंट आणणाऱ्याला माझा नमस्कार कळवा. खरंच कळवा. पण 'थांब' म्हणून खुणावणाऱ्याला मी आजही सोडणार नाही.

मीरा_विचिटा

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सही न करता गेला. दार मात्र आमच्याकडेच राहिलं, कितीतरी दिवस कोणी न्यायला आलं नाही.

ढगोबा

नॉर्मनकर, एक शंका. तो खुणावत होता तेव्हा पुढे रस्त्यावर तार पडलेली नव्हती ना?

नॉर्मनकर

पाऊस होता. पुढचं दिसत नव्हतं.

पर्वती_पायथा

बरं, ते टब लोखंडी असतात की फायबरचे? मेहुणा विचारतोय.

चिंगी

फायबरचा. आणि त्यालाही गुद्दा मारला तर भोक पडतं.