विषय: नऊ आठवडे गाड्या उभ्या राहणार, निघण्याआधी काय करू?

नमस्कार मंडळी,

पुढच्या शनिवारी आम्ही सगळे सुट्टीला निघतोय, परत यायला नऊ आठवडे लागतील. घरी एक पेट्रोल कार आहे, सात वर्षांची, आणि नवऱ्याची जुनी मोटरसायकल, कार्बोरेटरवाली. तिच्यावर त्याचा फार जीव आहे. दोन्ही गाड्या शेडमध्ये असतील. शेजारच्या काकू आठवड्यातून एकदा येऊन दोन्ही पाच-पाच मिनिटं चालू करून ठेवायला तयार आहेत. एवढं पुरेल ना?

विचारायचं कारण असं, की मागच्या खेपेला तीनच आठवड्यांनी परतलो, त्याच रात्री मुलाला ताप भरला आणि कार काही सुरू होईना. बॅटरी पार बसली होती. तशी रात्र पुन्हा नको.

आपली,
मृ.

--------

मृ.,

शेजारच्या काकूंचे आभार मान, पण गाडी चालू करण्याचं काम त्यांना देऊ नकोस. हे मी आधीच सांगतोय, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. शेडमध्ये, दार अर्धवट उघडं ठेवून, इंजिन चालू करायचं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड साठणार. त्याला रंग नाही, वास नाही. बाहेर थंडी असली की माणूस सहज दार ओढून घेतो आणि काही कळायच्या आत भोवळ येते. त्या गाडी सुरू करून तिथेच फडकं मारत बसल्या तर? नकोच.

गाडीच्या दृष्टीनेही पाच मिनिटांचा हा उपचार वाईटच. सेल मारताना बॅटरीतून एकदम मोठा घोट जातो. नंतर इंजिन जागच्या जागी घुरघुरत असताना अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) जेमतेम करंट देतो, त्यामुळे गेलेलं पाच मिनिटांत भरून येईलच असं नाही. दुसरं, पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. गरम गाडीत ते वाफ होऊन बाहेर पडतं. थंड इंजिनात मात्र त्यातलं थोडं सायलेन्सरमध्ये साचतं, थोडं इंजिन ऑइलमध्ये उतरतं, आणि ते उडून जाण्याइतकं ऑइल तापायच्या आत आपण किल्ली बंद करतो. दर आठवड्याला हेच केलं तर सायलेन्सर आतून गंजत जातो. कोणी विम्याच्या नियमात बसून गाडी रस्त्यावर वीस-तीस मिनिटं नीट चालवणार असेल तर उत्तम. नाहीतर नीट तयारी करून तिला शांत उभी राहू दे.

आता बॅटरीचं. बंद कारही थोडा करंट खातच असते: अलार्म, घड्याळ, रिमोटचं लॉक. निरोगी गाडीत हे साधारण २० ते ५० मिलिॲम्पिअर. ३० धर. दिवसाला पाऊण ॲम्पिअर-अवरपेक्षा (बॅटरीतल्या साठ्याचं माप) थोडं कमी, म्हणजे ६३ दिवसांत ४५ झाले. तुझी बॅटरी ६० ॲम्पिअर-अवरची असली तर नऊ आठवड्यांनी पाव उरेल, आणि सात वर्षांच्या गाडीतली बॅटरी जुनी असेल तर तेवढीही नाही. ५० मिलिॲम्पिअर धरलेस तर ती त्याआधीच संपते.

पण हाच हिशेब तुझ्या मागच्या अनुभवाला लाव. तीन आठवड्यांत १५ ॲम्पिअर-अवर जायला हवे होते. तेवढ्याने चांगली बॅटरी बसत नाही. म्हणजे एकतर बॅटरी म्हातारी झाली आहे, नाहीतर गाडीत कुठेतरी काहीतरी चालू राहतंय. ते शोधल्याशिवाय जाऊ नकोस. माझ्या गाडीत एकदा असंच व्हायचं आणि काही केल्या सापडेना. शेवटी फोनवर व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवला आणि डिकी बंद केली. बाहेर काढून बघतो तर आतला दिवा तस्साच जळतोय, दार बंद झाल्याचं त्याला कळतच नव्हतं. पाच वॅटचा तो बल्ब दिवसाला दहा ॲम्पिअर-अवर पितो, सहा दिवसांत साठ. डिकी आणि ग्लोव्हबॉक्स दोन्ही असेच तपास.

मल्टिमीटर असेल तर गाडी चालवून आल्यावर रात्रभर थांब आणि सकाळी काहीही चालू न करता बॅटरीवर व्होल्टेज बघ. १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जेमतेम पाव. रिकामी बॅटरी तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पहिल्यासारखी होत नाही.

मीटर लावून बघ आणि काय दिसतं ते लिही.

वि. काका

--------

वि.,

मी कामावर दूर असायचो तेव्हा माझा शेजारी माझी गाडी आठवड्याला चालू करायचा, तीही वर्षानुवर्षं. कधी काही बिघडलं नाही. उगाच घाबरवू नये असं वाटतं.

द.

--------

द., घाबरवायचा हेतू नाही. मला आठवतं त्याप्रमाणे तुमचा शेजारी गाडी बाहेर काढून एक फेरी मारून यायचा, आणि गाडीत रेडिओखेरीज काही इलेक्ट्रॉनिक नव्हतं. इंजिन नीट तापत होतं, ऑइल तापत होतं, ब्रेक फिरत होते. तो जे करत होता ते बरोबरच होतं. माझा विरोध आहे तो शेडमध्ये उभ्या-उभ्या पाच मिनिटं चालू ठेवण्याला.

वि.

--------

मृ. ताई,

मोटरसायकलबद्दल मी लिहिते, मी स्वतः चालवते आणि कार्बोरेटर अनेकदा खोलला आहे.

कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत थोडं पेट्रोल कायम असतं. ते उडून गेलं की मागे चिकट थर राहतो. त्यातल्या पायलट जेटचं, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं, भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. एवढंसं चिकट त्यात बसलं की गाडी चोक ओढून सुरू होते, चोक सोडला की मरते, आणि आपण उगाच प्लग बदलत बसतो. म्हणून आधी टाकी पूर्ण भर, म्हणजे आत हवा कमी आणि टाकीचा पत्रा गंजायला वाव कमी. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतलं पाणी ओढून घेतं, तेव्हा फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं द्रव) टाकून दहा-पंधरा मिनिटांची फेरी मारून ये. मग पेट्रोलचा कॉक बंद करून, गाडी शेडबाहेर मोकळ्या हवेत उभी करून, आपोआप बंद पडेपर्यंत इंजिन चालू ठेव. वाटीच्या तळाला ड्रेन स्क्रू असेल तर राहिलेलं त्यातून काढ. इंजेक्शनवाल्या गाडीला हा सगळा खटाटोप लागत नाही.

चेन त्याच फेरीनंतर, गरम असताना, स्वच्छ करून तिला ल्युब लाव. रोलर्सच्या फटीत आतल्या बाजूने जायला हवं, वरून नुसती चकचकीत करून उपयोग नाही. आणि चाक हातानेच फिरव. इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून, फिरत्या चेनला फडकं लावणारे मी पाहिले आहेत. फडकं स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चाकात, ओढलं जातं आणि त्याच्या मागोमाग बोटं. माझ्या ओळखीत एकाचं बोटाचं पेर असंच गेलं. दादांना हे माझ्याकडून सांग, रागावले तरी चालेल.

गाडी डबल स्टँडवर ठेव, साइड स्टँडवर नको. प्लास्टिकचं कव्हर घालू नकोस, त्याच्या आत दव धरतं. मोटरसायकलची बॅटरी इवलीशी असते, तिला मेंटेनर, म्हणजे बॅटरी भरली की आपोआप थांबणारा छोटा चार्जर, लावून ठेव. मेंटेनरच हवा. आपोआप बंद न होणारा जुना चार्जर आठवडेच्या आठवडे लावला तर बॅटरीतलं पाणी उकळून संपतं.

शा.

--------

वि. काका, शा.,

सापडलं! पहिल्या सकाळी मीटरवर १२.१ आलं. डिकीत फोन ठेवला, दिवा विझत होता. ग्लोव्हबॉक्सही ठीक. मग मुलगा म्हणाला, आई, त्या कॅमेऱ्याचा दिवा रात्रीही लुकलुकतो. काचेवरचा डॅशकॅम! तो बसवणाऱ्याने गाडी बंद असतानाही त्याला वीज मिळेल अशी वायर जोडली होती आणि आम्हाला सांगितलं नव्हतं. तो काढला, बॅटरी रात्रभर चार्ज केली, दिवसभर गाडी वापरली, आणि दुसऱ्या सकाळी १२.६. तापाच्या त्या रात्रीचं कारण हे होतं तर.

आता बाकीचं सांगा, तीन दिवस उरलेत. मोटरसायकलला मेंटेनर लावतोय. काकूंना वाईट वाटू नये म्हणून त्यांना त्याचा हिरवा दिवा आठवड्यातून एकदा बघायचं काम दिलंय.

मृ.

--------

शाब्बास. मुलाची नजर चांगली आहे.

कारच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेव, बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागतो. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी. पॉझिटिव्ह खोलताना पाना चुकून बॉडीला टेकला तर निगेटिव्ह सुटलेली असल्यामुळे ठिणगी पडत नाही. त्याआधी दोन गोष्टी: रेडिओचा कोड असेल तर तो लिहून ठेव, आणि दार रिमोटशिवाय नुसत्या किल्लीने उघडतं का ते आत्ताच करून बघ. रिमोटच्या आत ती बारीक किल्ली असते, पण कित्येकांनी ती कधी बाहेर काढलेलीच नसते.

हँडब्रेक ओढून जाऊ नकोस. दमट हवेत लायनर ड्रमला किंवा पॅड डिस्कला चिकटतात. सपाट जागेवर गिअरमध्ये ठेव, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लाव. गाडी धुतलीस तर लगेच उभी करू नकोस. थोडी चालव, दोन-चारदा ब्रेक मार म्हणजे डिस्क कोरड्या होतील, मगच आत घे.

टायरमध्ये नेहमीपेक्षा तीन-चार पौंड हवा जास्त भर, म्हणजे एकाच जागी वजन राहून खालचा भाग चपटा होणार नाही. नेहमीची हवा किती, हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. टायरच्या कडेला लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरायची नसते. टायरकडे वाकलीच आहेस तर कडेवर लंबगोलात चार आकडे शोध. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी रबर वयाने कडक होतं. दहा वर्षांपुढचा टायर मी वापरणार नाही, आणि सहानंतर दरवर्षी भेगा बघायच्या.

परत आलात की आधी किल्ली फिरवायची नाही. बॉनेट उघड, ऑइल आणि कूलंट बघ, जमिनीवर डाग आहेत का बघ, एअर फिल्टरचा डबा उघडून आत बघ. उंदरांना ती जागा फार आवडते. मग वायर जोडायची, हवा नेहमीइतकी करायची, आणि पहिला किलोमीटरभर ब्रेक हलके मारत जायचं. डिस्कवर गंजाचा पातळ थर असतो, खरखर येईल, ती काही वेळात जाते. गेली नाही तर दाखवून घे.

एक विचारायचं राहिलं, सात वर्षांत ब्रेक ऑइल कधी बदललंय का?

वि. काका

--------

नमस्कार मंडळी,

परवा रात्री पोचलो. काल सकाळी काकांचं मेल फोनवर उघडून शेडमध्ये गेले.

एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा उघडल्या आणि हातातलं झाकण तसंच राहिलं. आत बॉनेटच्या अस्तराचा राखाडी कापूस, मुठीएवढा गोल करून बसवलेला, मधे खोलगट जागा. पिल्लं नव्हती, घर सोडून गेले असावेत. फिल्टरचा एक कोपरा कुरतडलेला, आणि त्याचा चुरा डब्यात. न बघता किल्ली फिरवली असती तर चुरा त्या कोपऱ्यातून थेट इंजिनात ओढला गेला असता. डबा व्हॅक्यूमने साफ केला, नवीन फिल्टर टाकला, वायरी एकेक बोटांनी चाचपल्या, कुठे दात लागलेले नाहीत. बॅटरी १२.५ होती, पहिल्या सेललाच सुरू झाली. ब्रेकची खरखर कोपऱ्यापर्यंतच होती.

मोटरसायकलला कॉक उघडून मिनिटभर थांबलो, वाटी भरू दिली. नवऱ्याने तीन किका मारल्या, चौथीला सुरू झाली. काकूंनी नऊ आठवड्यांचे हिरव्या दिव्याचे नऊ फोटो पाठवले होते, एकही आठवडा चुकवला नाही. मोटरसायकलच्या मागच्या टायरवर मात्र ३६१४ लिहिलेलं सापडलं, नक्षी नव्यासारखी आणि कडेला केसासारख्या भेगा. नवऱ्याने वाद न घालता नवीन टायर मागवला आहे, तोपर्यंत गाडी बाहेर काढणार नाही म्हणतो.

ब्रेक ऑइलचं उत्तर: सर्व्हिसच्या वहीत एकदाही नोंद नाही. ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग लांब उतारावर ब्रेक तापले की आत वाफ धरून पेडल खाली जातं, हे काकांनी फोनवर समजावलं. दर दोन वर्षांनी बदलायचं होतं. बुधवारची वेळ घेतली आहे, तोवर गाडी घरापासून दुकानापर्यंतच. ज्यांच्या वहीत अशी नोंद नाही त्यांनी कृपया आजच बघा.

मृ.