मदत हवी आहे : लंडनमध्ये अडीच दिवस, सोबत वडील

नमस्कार. भाचीच्या पदवीदान समारंभासाठी आम्ही सप्टेंबरमध्ये परभणीहून इंग्लंडला जात असून परतताना लंडनसाठी जेमतेम अडीच दिवस हाती राहतात. सोबत वडील आहेत. त्यांचे शिक्षण बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात झाले असल्यामुळे, १९२१-२२ मध्ये बाबासाहेब ज्या घरात राहिले ते १०, किंग हेन्रीज रोडवरील घर निवांत पाहावे, एवढीच त्यांची इच्छा आहे. त्यासाठी एक कोरी वही त्यांनी आतापासूनच पिशवीत घालून ठेवली आहे. त्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा चॉक फार्म स्थानकापासून तेथवरचे चालणे त्यांना झेपेल का, की बसने जाणे बरे? ब्रिटिश म्युझियममधील (आंध्रातल्या) अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पे त्याच दिवशी पाहून होतील का? राजवाडे, पूल राहिले तरी चालतील. जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.