बरोक चित्रांत शेवटी जिंकतं कोण, मरण की ख्रिस्त?

रेघोट्या: बरोक काळातली, म्हणजे युरोपातल्या साधारण सतराव्या शतकातली धार्मिक रेखाटनं बघताना कवटी दिसली की मरण आणि खजुराची फांदी दिसली की विजय, असंच वाचायची सवय लागलीय आपल्याला. पण इटालियन शिल्पकार बर्निनीचं 'ख्रिस्ताचं रक्त' हे रेखाटन बघा एकदा. १६७० च्या आसपासचं, म्हणजे गडी सत्तरी ओलांडलेला. क्रूस जमिनीत रोवलेलाच नाही, हवेत तरंगतोय, जखमांतून धारा लागल्यात आणि खाली जमीनच नाही, नुसता रक्ताचा समुद्र, ख्रिस्ताची आई मारिया हातांवर ते रक्त झेलतेय आणि वर देवबाप हात पसरून. एक कवटी नाही, एक फांदी नाही! माझ्या मते यात आधी मरण आणि मग विजय असं काही नाहीच, ते मरणच विजय आहे.

जुनीवही: नाही पटलं. रक्ताचा समुद्र बघून मला तरी धडकीच भरते. आणि याच बर्निनीने रोमच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये पोप आठव्या अर्बनच्या थडग्यावर पंखवाला सांगाडा बसवलाय, तो पोपचं नाव लिहितोय. पोप सातव्या अलेक्झांडरच्या थडग्यावर तर दगडी चादरीखालून सांगाडा वाळूचं घड्याळ वर धरतो. वेळ भरली, विषय संपला.

रेघोट्या: अहो पण सांगाडा आहे कुठे ते बघा ना, खाली! अलेक्झांडर वर हात जोडून शांत बसलाय गुडघ्यांवर, घड्याळाकडे त्याचं लक्षसुद्धा नाही.

मांडवीकाठ: आमच्या जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चमध्ये सेंट झेवियरची समाधी आहे, फ्लोरेन्सच्या फोगिनी या शिल्पकाराने केलेली, १६९८ ची. चार बाजूंना ब्राँझचे चार पट, एकात झेवियर उपदेश करतोय, एकात बाप्तिस्मा देतोय, आणि एकात चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर मरतोय. मरणाचा पट बाकीच्यांइतकाच, ना मोठा ना लहान. लहानपणापासून बघतेय, भीती कधीच वाटली नाही, त्यामुळे मी रेघोट्यांच्या बाजूने.

जुनीवही: समाधी वेगळी हो. बर्निनीच्या त्या रेखाटनावरून स्पिएर नावाच्या कोरीवकाम करणाऱ्याने छापचित्र कोरलं, म्हणजे ते लोकांपर्यंत जायला केलेलं होतं. लोकांना आधी घाबरवायचं आणि मग तारणारा दाखवायचा.

रेघोट्या: फक्त लोकांसाठी असतं तर त्याच कल्पनेचं मोठं चित्र त्याने स्वतःच्या पलंगासमोर कशाला ठेवलं असतं? १६८० मध्ये गेला तोपर्यंत ते तिथेच होतं, त्याच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलंय.

जुनीवही: हे मात्र माहीत नव्हतं. पण मग माझंच म्हणणं खरं ठरतं की, भीती वाटत नसती तर माणूस ते रोज डोळ्यांसमोर ठेवेल का?