डहाणू लोकसभेचे जुने निकाल पालघरला जोडून धरावेत का?

वागळेकर:
जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या लोकसभा निकालांचा तक्ता करतोय. डहाणू 2004 ला संपतो, पालघर 2009 ला सुरू होतो, दोन्ही अनुसूचित जमातींसाठी राखीव. एकाच रकान्यात सलग घेतले तर चालेल? आणि 'डहाणू' शोधल्यावर 2019, 2024 चे आकडे येतात ते कुठले?

कोपरी पूर्व:
ते विधानसभेचे. डहाणू विधानसभा (क्र. 128) अजून आहे, दोन्ही वेळा माकपचे विनोद निकोले. ते आधी बाजूला काढा.

लोकसभा: 1977 लहानू कोम (माकप), 1980, 84, 89, 91 दामोदर शिंगडा (काँग्रेस), 1996 चिंतामण वनगा (भाजप), 1998 शंकर नम (काँग्रेस), 1999 वनगा, 2004 शिंगडा. पुढे पालघर: 2009 बळीराम जाधव (बविआ, म्हणजे बहुजन विकास आघाडी), 2014 वनगा.

विजेत्यांची नावं सलग लावा, हरकत नाही. मतं आणि मताधिक्य लावू नका. 2008 च्या पुनर्रचनेत हद्दच बदलली. मतदारसंघ आटला की मतं आपोआप कमी दिसतात आणि लोक म्हणतात पक्ष घसरला!

खारीगाव नाका:
तुलना करायचीच असेल तर निवडणूक आयोगाच्या 2004 च्या सांख्यिकी अहवालाचा तिसरा खंड उघडा. त्यात लोकसभेची मतं विधानसभावार आहेत. पण तिथेही मेख आहे: पालघरमधले विक्रमगड, बोईसर, नालासोपारा हे विधानसभा मतदारसंघ 2004 ला नव्हतेच. वसई नाव तेच, हद्द वेगळी. त्यामुळे नेमकं जुळवायला मतदान केंद्रवार आकडे, म्हणजे नमुना 20 (निकालाचा अंतिम तक्ता) लागतो, आणि 2004 चा मिळवणं जिकिरीचं. टक्केवारीवर भागवा, खाली तळटीप द्या.

पालघरची 2018 ची पोटनिवडणूक (राजेंद्र गावित, भाजप) सार्वत्रिक अहवालात सापडणार नाही, ती वेगळी भरा. नावांवर शोध घेताना इंग्रजी स्पेलिंग दर अहवालात बदलतं, विशेषतः शिंगडा आणि वनगा. मतदारसंघाचा क्रमांकही जुना-नवा एक नसतो.

वागळेकर:
1957 पर्यंत मागे गेलो तर? ठाण्याची मतं नोंदलेल्या मतदारांपेक्षा जास्त दिसतात.

कोपरी पूर्व:
छपाईची चूक नाही ती. ठाणे तेव्हा द्विसदस्यीय होता, म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार; त्यातली एक जागा राखीव, प्रत्येक मतदाराला दोन मतं. मतांना मतदारसंख्येने भागून मतदानाचा टक्का काढलात तर शंभरापुढे जाऊ शकतो. ही पद्धत 1961 च्या कायद्याने बंद झाली. तक्ता 1962 पासूनच सुरू करा, 1952 आणि 57 वेगळ्या पानावर.