शेल एडिटरच्या आत चालवावं की बाहेर?

उद्यमनगरकर

परवा कोल्हापूरच्या राजारामपुरीत आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची बैठक होती. तिथं एका वरिष्ठांनी ठणकावून सांगितलं, "एडिटर लिहायला, टर्मिनल कमांड चालवायला. दोन्हीची सरमिसळ करू नका." तिथं बोलायला वेळ मिळाला नाही म्हणून इथं मांडतोय. माझं मत नेमकं उलटं आहे. ज्याचं दिवसभराचं काम मजकूर आणि कमांड यांच्यात ये-जा करण्याचं आहे, त्यानं शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, एडिटरच्या आतच उघडावं.

बॅश या नेहमीच्या शेलच्या हिस्टरीत फक्त आपण काय टाइप केलं ते राहतं. उत्तर काय आलं आणि ते बघून पुढची कमांड का बदलली, याचा मागमूस उरत नाही. ईमॅक्स या एडिटरमध्ये एम-एक्स शेल म्हटलं (ऑल्ट-एक्स दाबून 'शेल' टाइप केलं) की प्रॉम्प्ट (कमांडची वाट बघणारी खूण), कमांड आणि आउटपुट हे सगळं एका बफरमध्ये, म्हणजे एडिटरमधल्या उघड्या पानावर, साध्या मजकुरासारखं पडून राहतं. शोधा, कॉपी करा, सेव्ह करा. ऑल्ट-पीनं मागची कमांड येते, ऑल्ट-आरनं हिस्टरीत शोध घेता येतो. आउटपुट फारच लांबलं तर कंट्रोल-सी कंट्रोल-ओ दाबलं की तेवढंच पुसलं जातं, कमांड जागेवर राहते.

एक उदाहरण देतो. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांची यादी आली होती, तिसऱ्या रकान्यात तालुका. मी 'कट -एफ3 यादी.टीएसव्ही | सॉर्ट | युनिक -सी' चालवलं, म्हणजे तिसरा रकाना काढून, क्रमानं लावून, प्रत्येक नाव किती वेळा आलं ते मोजलं. कागल, करवीर, शिरोळ ठीक. पण 'गडहिंग्लज' वेगळं आणि 'गडिंग्लज' वेगळं मोजलं गेलं. शेजारच्या खिडकीत यादी उघडीच होती, तिथं नावं दुरुस्त केली. परत शेलमध्ये येऊन कर्सर त्या जुन्या कमांडवर नेला आणि एंटर मारला. ती कमांड खाली नव्या प्रॉम्प्टवर उतरली आणि चालली. आता आधीची मोजणी वर, नवी खाली. कुठला आकडा कुठं गेला ते समोर दिसतंय.

आणि मराठीत काम करणाऱ्यांनी हेही बघावं. बहुतेक टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट देतात, त्यामुळं वेलांट्या सरकतात, जोडाक्षरं फुटतात. ईमॅक्स 27 पासून, म्हणजे 2020 पासून, त्यात हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर आहे आणि देवनागरी नीट जुळून दिसते. स्पेलिंगमधला फरक डोळ्यांनी ओळखायचा असेल तर अक्षरं धड दिसायला नकोत का?

रंकाळावाला

दादा, यादीचं काम तुम्ही करता, सर्व्हर मी सांभाळतो. त्यामुळं माझं दुखणं वेगळं आहे.

पहिलं म्हणजे, एम-एक्स शेल हे पूर्ण टर्मिनल नाही. ते स्वतःची ओळखच 'डम्ब', म्हणजे स्क्रीनवर कर्सर हलवता न येणारं टर्मिनल, अशी करून देतं. त्यात टॉप (चालू प्रोग्रामांचे आकडे दाखवणारा) चालवून बघा, लेस (मजकूर पानापानानं दाखवणारा) चालवून बघा. स्क्रीनवर जागच्या जागी आकडे बदलणारा कुठलाही प्रोग्राम तिथं अडतो. ईमॅक्समधलंच वीटर्म वापरा म्हणाल, तर ते खरं टर्मिनलच आहे. मग 'सगळं साध्या मजकुरासारखं' हा तुमचा मुद्दा पातळ होतो.

दुसरं महत्त्वाचं. जुन्या ओळीवर कर्सर नेऊन एंटर मारला की कमांड पुन्हा चालते, हे तुम्ही सोय म्हणून सांगितलंत. मला त्याची धास्ती वाटते. बफरमध्ये सकाळची 'आरएम -आरएफ', म्हणजे न विचारता फाईली पुसून टाकणारी कमांड, पडलेली आहे. तुम्ही आउटपुट वाचायला वर गेलात, आपण वाचायला आलोय हे विसरून एंटर दाबलात, तर ती आत्ता ज्या फोल्डरात आहात तिथं चालणार. टर्मिनलात वर स्क्रोल करून एंटर मारला तर खालच्या रिकाम्या प्रॉम्प्टवर एक रिकामी ओळ येते, बाकी काही होत नाही. जुना मजकूर फक्त वाचता यावा, चालवता येऊ नये, ही भिंत मला हवी आहे.

उद्यमनगरकर

टॉपचं मान्य. त्यासाठी मीही वेगळं टर्मिनलच उघडतो.

पण दादा, धोका तिकडंही आहेच. सी शेल या जुन्या शेलनं सत्तरच्या दशकाच्या शेवटी हिस्टरी आणली, बॅशनं '!!' (मागची कमांड पुन्हा चालव) तिथूनच घेतलं. हे '!!' टाकून एंटर मारणारा माणूस काय चालणार आहे ते बघतो का? कंट्रोल-आरनं हिस्टरीत शोधायला दोन अक्षरं टाकून, पहिलं जे येईल त्यावर एंटर मारणारे मी रोज बघतो. माझ्या बफरमध्ये निदान ती कमांड आणि तिचा मागचा परिणाम डोळ्यांसमोर असतो. सर्व्हरचं शेल मी वेगळ्या नावाच्या बफरमध्ये उघडतो आणि आत आरएम लिहीतच नाही.

शिरगाव एमआयडीसी

मी व्हिमवाला, तोही एक एडिटरच. दोघांचंही थोडं चुकतंय असं मला वाटतं. शेलला एडिटरमध्ये मुक्कामाला बोलवायची गरज काय? काम सांगावं, उत्तर घ्यावं, निरोप द्यावा. ':%!सॉर्ट' म्हटलं की सगळी फाईल सॉर्ट होऊन जागच्या जागी येते. मनासारखी नाही झाली तर एक 'यू' दाबायचा, होती तशी. ':आर !डेट' म्हटलं की तारीख मजकुरात उतरते. मागची बाहेरची कमांड पुन्हा हवी असेल तर ':!!'. आणि 'क्यू:' दाबलं की कमांडची हिस्टरी खिडकीत उघडते. तिथं ओळ नीट वाचायची, दुरुस्त करायची, मग चालवायची.

व्हिम 8.1 मध्ये, 2018 साली, एडिटरच्या आतच टर्मिनल उघडणारं ':टर्मिनल' आलं. मी ते उघडतच नाही. कमांडनं मजकूर बदलला आणि बदल पटला नाही, तर तो उलटवता आला पाहिजे, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ते फक्त फिल्टरमध्ये, म्हणजे ':%!सॉर्ट'सारख्या वापरात, मिळतं, शेलमध्ये नाही.

लॅबवाली

मी इंजिनिअरिंगच्या मुलांना लिनक्स शिकवते आणि मी रंकाळावाला यांच्या बाजूनं आहे. कारण वेगळं आहे.

मुलं कमांड वाचत नाहीत. मागची कमांड वर आणायची, फाईलचं नाव बदलायचं, एंटर. पाइपच्या, म्हणजे '|' या खुणेच्या, अलीकडं काय आणि पलीकडं काय, विचारलं तर गप्प. एडिटरमध्ये तर जुनी कमांड अख्खी समोर असते, विचार करायचं कारणच उरत नाही. शिवाय ही मुलं उद्या ज्या सर्व्हरवर बसतील तिथं ईमॅक्स असेलच असं नाही. व्हिमचं जुनं मूळ रूप व्हीआय मात्र बहुतेक ठिकाणी सापडतं. म्हणून पहिलं सत्र नुसतं टर्मिनल. कमांड लांबली की कंट्रोल-एक्स कंट्रोल-ई दाबायला शिकवते. बॅश तीच ओळ एडिटरमध्ये उघडून देतं, सेव्ह करून बाहेर पडलं की चालवतं. एडिटर शेलच्या हाताखाली असावा, वरचढ नको.

उद्यमनगरकर

मॅडम, तुमचा अनुभव मी खोडत नाही. पण मूल वाचत नाही याचं कारण एडिटर नाही. त्याच मुलाला अख्ख्या तासाचं शेल बफर सेव्ह करून द्यायला सांगा. त्यात त्यानं कुठं चुकलं, काय एरर आली, त्यावर काय बदललं हे सगळं ओळीनं दिसेल. नुसत्या बॅश हिस्टरीतून एरर दिसणारच नाही. जर्नलमध्ये मुलं उत्तर छापून आणतात. हे बफर त्यांनी कसं केलं ते दाखवेल.

लॅबवाली

हे करून बघण्यासारखं आहे. पण दुसऱ्या सत्रात. पहिल्यात नाही.

रंकाळावाला

सेव्ह करायला सांगताय तेव्हा एक सांगून ठेवतो. कमांडमध्येच कुणी डेटाबेसचा पासवर्ड लिहिला असेल तर तोही त्या फाईलमध्ये जाणार. आउटपुटमध्ये ग्राहकाची नावं, रकमा असतील तर त्याही. माझ्याकडं अशी फाईल ठेवायला परवानगी नाही आणि ती नसावीच.

मराठी यादीचं म्हणाल तर देवनागरी टर्मिनलात फुटते हे खरंय. पण त्याला शेल एडिटरमध्ये आणायला नको. आउटपुट फाईलमध्ये वळवा आणि कुठल्याही एडिटरमध्ये उघडा. अक्षरं नीट दिसतील.

उद्यमनगरकर

दिसतील. पण ती फाईल कुठल्या कमांडनं तयार झाली ते फाईलमध्ये नसेल. पंधरवड्यानं 'मोजणी2' आणि 'मोजणी2_नवी' अशा दोन फाईली समोर आल्या तर गडहिंग्लज कशात दुरुस्त केलंय हे तुम्ही कशावरून सांगाल?