मदत हवी आहे : कमांड ड्रायव्हरमध्ये अडकली की फायबर चॅनेल कार्डाच्या फर्मवेअरमध्ये?

नमस्कार. महापे येथील डेटा सेंटरमधील एका लिनक्स सर्व्हरवर रात्रीचा बॅकअप सुरू असताना फायबर चॅनेलवरील (सर्व्हरला स्टोरेजशी जोडणारे नेटवर्क) आयओ, म्हणजे डेटाचे वाचन-लेखन, मध्येच थांबते, अनेक प्रोसेस डी स्टेटमध्ये (आयओची वाट पाहत अडकून राहण्याची अवस्था) जातात आणि १२० सेकंदांनंतर हंग टास्कचा इशारा येतो. फायबर चॅनेल कार्डाचा ड्रायव्हर क्यूएलए२एक्सएक्सएक्स आहे; त्याच स्विचवरील इतर सर्व्हर सुरळीत चालतात.

केबल आणि एसएफपी (केबल जोडण्याचे मॉड्यूल) बदलून पाहिले; स्विच पोर्टवरील सीआरसी एरर (डेटा वाटेत बिघडल्याच्या नोंदी) वाढत नाहीत. एक्स्टेंडेड एरर लॉगिंग सुरू केल्यास एवढा मजकूर येतो, की त्यातून नेमके काही हाती लागत नाही. केडंपने घेतलेला व्हीएमकोअर (कर्नलच्या मेमरीची प्रत) ‘क्रॅश’ या विश्लेषण साधनात उघडल्यावर एससीएसआय एरर हँडलरचा थ्रेडही अबॉर्टच्या (कमांड रद्द करण्याच्या विनंतीच्या) उत्तराची वाट पाहत थांबलेला दिसतो. कर्नलशी जुळणारे डीबगइन्फो (ही प्रत वाचण्यासाठी लागणारी माहिती) उपलब्ध आहे. मात्र सर्व्हर प्रॉडक्शनमधला असल्याने वेगळा कर्नल टाकण्याची परवानगी नाही.

अडकलेली कमांड ड्रायव्हरच्या आउटस्टँडिंग (अजून पूर्ण न झालेल्या) कमांड्सच्या अ‍ॅरेमध्ये आहे, परंतु ही नोंद कार्डाला डोअरबेल (नवी कमांड ठेवल्याची सूचना) देण्याआधीच होत असल्याने तेवढा पुरावा मला अपुरा वाटतो. तेव्हा फर्मवेअरने ती कमांड रिक्वेस्ट रिंगमधून (ड्रायव्हर कार्डासाठी कमांड ठेवतो त्या मेमरीतील रांगेतून) खरोखर उचलली होती की नाही, हे केवळ व्हीएमकोअरवरून कसे ठरवावे?