बीपी जास्त निघालं, पुन्हा बोलावलंय. आता नेमकं काय करतील?

शंकेखोर:
ऑफिसच्या मेडिकलमध्ये बीपी 152/96 निघालं. वय 41. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, काही म्हणता काही नाही. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा बघू, मग ठरवू." पट्टा आवळायला लागला की माझी छाती धडधडायला लागते, मग आकडा खरा कसा यायचा? लगेच गोळी माथी मारतील का?

निवृत्त_सिस्टर:
ओपीडीत लोकांच्या दंडाला पट्टे बांधण्यातच नोकरी गेली, म्हणून जरा लांबण लावते. एका आकड्यावर कोणी शहाणा डॉक्टर शिक्का मारत नाही (फारच वर गेला असेल तर गोष्ट वेगळी). पुन्हा बोलावलं ते त्यासाठीच.

जायच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगरेट, जिने चढणं नको. लघवीला जाऊन या. तुंबलेली लघवी आकडा वाढवते, हे सांगितलं की लोक हसतात, पण खरं आहे. मग पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला. बाही वर सारून तिचा घट्ट पिळा दंडावर ठेवू नका, सैल बाहीचा कपडा घालून जा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्ट्यात बीपी उगाच जास्त दिसतं. आणि गप्प बसा! माझ्याकडे येणारे अर्धे लोक पट्टा फुगत असतानाच घरची कहाणी सुरू करायचे. नुसत्या बोलण्याने वरचा आकडा 10च्या आसपास चढू शकतो.

पहिल्यांदा दोन्ही हातांचं बघायला हवं. ज्या हाताचं जास्त, तोच पुढे धरायचा. मिनिटभराच्या अंतराने दोन-तीनदा घेतात, पहिला आकडा बहुधा चढाच असतो. पट्टा आवळतो तेव्हा बोटांना मुंग्या येतील, हात जड होईल. हवा सुटली की संपलं. घाबरून श्वास रोखून धरू नका, एवढंच.

रात्रपाळी:
माझंही दवाखान्यात कायम जास्त, घरी बरं. म्हणून 24 तासांचं मशीन लावलं होतं. कमरेला डबी, दंडाला पट्टा, दिवसा दर अर्ध्या तासाला आपोआप फुगायचा. फुगला की हात स्थिर ठेवायचा. रात्री झोपेतही चालू, झोपेचं खोबरं झालं. पण झोपेत बीपी उतरतं की नाही, हे त्यातच कळतं. पट्टा भिजवायचा नाही म्हणून आंघोळीला सुट्टी!

निवृत्त_सिस्टर:
बरोबर. दवाखान्यात साधारण 140/90 ही रेघ धरतात, घरच्या मोजणीत 135/85. अमेरिकेत 2017पासून 130/80लाच वाढलेलं म्हणतात, त्यामुळे नेटवर वाचून गोंधळू नका. उलटंही होतं बरं का, दवाखान्यात छान आणि घरी जास्त. घरी मोजायला सांगितलं तर दंडाचं मशीन घ्या. मनगटाचं हात जरा इकडेतिकडे झाला की चुकतं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा घ्या आणि सगळे आकडे लिहा, आवडते तेवढेच नाही.

बीपी आहे असं ठरलं तर लघवी, क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते बघायची रक्ताची तपासणी), पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी करतील, कधी डोळ्याचा पडदाही बघतील. गोळीचं म्हणाल तर आकडा किती आणि बाकी शरीर कसं, यावर ठरतं. थोडंच वाढलेलं असेल तर आधी मीठ, वजन, दारू, चालणं यांवर बोलतात. पुढे काहींची गोळी कमी होते, बऱ्याच जणांची चालू राहते. स्वतःच्या मनाने बंद मात्र करायची नाही.

आणि 180/120च्या वर गेलं, सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूला अशक्तपणा, बोलणं अडखळणं असलं काही वाटलं, तर इथे प्रश्न टाकत बसू नका. सरळ इमर्जन्सीत जा.

शंकेखोर:
ताई, खूप आभार. एक राहिलं. त्या दिवशी सर्दीची गोळी घेतली होती, पाठदुखीचीही चालू होती. हे सांगायचं का?

निवृत्त_सिस्टर:
अहो, हेच आधी सांगायचं! बंद नाक मोकळं करणाऱ्या आणि काही वेदनाशामक गोळ्यांनी बीपी वाढतं. नावं पाठ करू नका, पाकिटंच घेऊन जा.